अकरा वीसची नोंद

१

वहीच्या त्या पानावर दुसऱ्या कोणाचंही नाव असतं तर कुत्र्यानंसुद्धा विचारलं नसतं. यतिन कर्णिकचं होतं, म्हणून तो गुन्हा ठरला.

दोन हजार वीसच्या सप्टेंबरात सिडनीतल्या प्रत्येक कॅफेच्या दारात एक वही ठेवलेली असायची. आत पाऊल टाकण्याआधी नाव, फोन नंबर आणि वेळ लिहायची. उद्या तिथं कोणाला कोरोना निघाला तर बाकीच्यांना कळवता यावं, एवढाच त्या वहीचा उद्देश. पॅरामटाच्या पलीकडे ‘ब्लू टाइल’ नावाचा एक कॅफे आहे. तिथली वही पोलिसांनी झडतीत उचलली आणि तीन सप्टेंबरच्या पानावर, सकाळी अकरा वीस या वेळेसमोर, त्यांना यतिनचं नाव सापडलं.

आता या यतिनची हकिगत सांगायला हवी. ठाण्याचा मुलगा, शिकायला म्हणून सिडनीला आला, आणि स्वस्तातल्या खोलीला भुलून नको त्या घरात राहिला. त्या घरातली पोरं गाड्या चोरून सुटे भाग विकायची, आणि पलीकडच्या टोळीशी त्यांची हाणामारी चालायची. यतिनने काही महिने त्यांचा माल व्हॅनमधून इकडचा तिकडे केला. एके दिवशी दोन टोळ्यांत असा राडा झाला की एक जण मरता मरता वाचला. यतिन त्या दिवशी तिथं नव्हता, म्हणून थोडक्या शिक्षेवर सुटला. पण पोलिस कोर्टात गेले आणि घरातल्या पाचही पोरांवर तीन वर्षांचा मनाई हुकूम आणला. एकमेकांना भेटायचं नाही, बोलायचं नाही, कोणाकरवी निरोपही धाडायचा नाही. पाचांपैकी राघव नावाचा मुलगा ब्लू टाइलमध्ये भांडी धुवायचा. त्याला कामापुरती तिथं जायची मुभा होती, बाकी चौघांना त्या कॅफेचा उंबरा बंद.

मारामारी पेटण्याआधीच माणसं वेगळी करायची, असा त्यामागचा विचार. खरं सांगायचं तर विचार वाईट नव्हता. यतिन त्या हुकुमामुळेच सुधारला, असं तो स्वतःच म्हणायचा. पण हुकूम मोडला तर तुरुंग, आणि वर्षभराची शिक्षा झाली तर पीआर, म्हणजे इथं कायम राहायचा परवाना, रद्द होऊन ठाण्याला परत. हुकूम संपायला एकोणीस दिवस उरले असताना, शुक्रवारी सकाळी, पोलिसांनी यतिनला नेलं. संध्याकाळी जामिनावर सोडलं आणि मंगळवारची सुनावणी लावली.

यतिन आणि त्याची आई विमलताई वेस्टमीडमध्ये देवयानीच्या घरामागच्या छोट्या ग्रॅनी फ्लॅटमध्ये राहत होती. देवयानी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सीनियर. मुलगी कॅनबेराला नोकरीला गेल्यापासून घरात एकटी, आणि भाडेकरूंच्या आयुष्यात नाक खुपसण्याचा तिला मुळीच कंटाळा नव्हता. गेले सहा महिने स्वॅबच्या नळ्या आणि फॉर्म जुळवता जुळवता तिचे डोळे शिणले होते. नळीवर एकाचं नाव आणि फॉर्मवर दुसऱ्याचं, असं दिवसातून दहा वेळा व्हायचं. त्यातून तिने एकच धडा घेतला होता, की कागदावरचं नाव कोणाचं आहे यापेक्षा ते कोणी लिहिलं हे आधी विचारावं.

त्या संध्याकाळी तिने यतिनला अंगणात गाठलं आणि सरळ विचारलं, “गेला होतास?”

“नाही, मावशी.”

देवयानीचा त्याच्यावर तत्काळ विश्वास बसला. अडचण एवढीच होती की ती मॅजिस्ट्रेट नव्हती.

२

शनिवारी सकाळी शिवांगी आली. ही यतिनची वकील. वेस्टमीडमध्येच जन्मलेली, देवयानीच्या मैत्रिणीची मुलगी. यतिनला विचारून तिने पानाचा फोटो देवयानीला दाखवला.

“पोलिसांची केस सिंपल आहे, मावशी. नाव त्याचं. नंबर त्याचा जुना, जो मूळ ऑर्डरमध्ये आहे. त्याने मागच्या वर्षी कोर्टाला कळवून नंबर बदलला. त्याची डिलिव्हरी व्हॅन अकरा ते अकरा चाळीस तीन गल्ल्या सोडून पार्क्ड होती, जीपीएसवर आहे. आणि वरच्याच ओळीत राघव. अकरा पाच.”

“कॅमेरा?”

“आठवड्याने फुटेज आपोआप डिलीट होतं. वेट्रेसला काही आठवत नाही, अर्धे लोक मास्क लावून येतात.”

देवयानीने फोटो मोठा केला. वर-खाली सगळ्यांनी निळ्या बॉलपेनने लिहिलं होतं, वहीला दोरीने बांधलेलं असणार. अकरा वीसची ओळ तेवढी काळ्या शाईत होती. इंग्रजी कॅपिटल अक्षरं, सावकाश, रेघेवर काढलेली. पुढे नंबर: ०४९१५ ७०१५६.

“जुना नंबर का लिहिला असेल?”

“पोलिस म्हणतात, ट्रेस होऊ नये म्हणून.”

“काहीतरीच. लपायचं असलेला माणूस आधी नाव खोटं लिहील. नाव स्वतःचं आणि नंबर तेवढा जुना, हा काय लपण्याचा प्रकार झाला?”

“मग कोणीतरी त्याला फ्रेम करतंय.”

“अडकवायचं असतं तर चालू नंबर लिहिला असता, पोलिसांना हेलपाटा नको म्हणून.” देवयानी चहाचा कप हातात तसाच धरून बसली. “लिहिणारा लपतही नव्हता आणि अडकवतही नव्हता. त्याला हाच नंबर ठाऊक होता, आणि त्याने तो अगदी सरळ मनाने लिहिला. हा जुना नंबर कोणाकोणाला माहीत आहे?”

शिवांगी बोटांवर मोजू लागली. “राघव. चंद्रहास अंकल, त्यांनी यतिनला जॉब दिला तेव्हा हाच नंबर होता. तुम्ही.”

“वा. मी पण संशयित.”

“सॉरी, मावशी. आणि विमल आंटी, ऑफ कोर्स, पण त्या लेटरबॉक्सपर्यंतसुद्धा एकट्या जात नाहीत.”

ते खरंच होतं. विमलताई फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आल्या आणि विमानं बंद झाली ती झालीच. तेव्हापासून त्या फ्लॅटमध्ये बसून होत्या.

“हे राघवने लिहिलं असेल?” शिवांगी म्हणाली. “यतिनला परत ओढायला?”

“त्याला मी विचारते. माझ्यावर काही मनाई नाही,” देवयानी म्हणाली, आणि शिवांगीला काही बोलायला वाव न देता तिने चहा संपवला.

३

यतिन अंगणात आईच्या साड्यांच्या घड्या घालत होता. सहा फुटी मुलगा, आणि काठ जुळवताना जीभ बाहेर. देवयानीला त्याच्याबद्दल नेहमीच वाटायचं की याला टोळीत घेणाऱ्यांची माणसांची पारख अगदीच कच्ची असणार.

“त्या दिवशी व्हॅन लावून काय करत होतास?”

“डबा खात होतो. पार्कमध्ये. आईने तोंडलीची भाजी दिली होती. कामाच्या दिवशी मी तिथेच थांबतो, झाडं आहेत.”

“कोणी पाहिलं?”

“मॅगपाय पक्ष्याने.”

“आईला काय सांगितलंस?”

“एवढंच, की तीन तारखेला मी कॅफेत गेलो असं पोलिस म्हणतायत. वही, वेळ, हे काही नाही. तिचं बीपी माहितेय ना तुम्हाला.” त्याने साडी टोपलीत ठेवली आणि पुढची काढलीच नाही. “मावशी, ती रडली नाही. एक प्रश्न नाही विचारला. फक्त म्हणाली, गेला असलास तरी मी तुझ्यावर रागावणार नाही. मी तीन वर्षं एक पाऊल वाकडं टाकलं नाही, आणि माझ्या स्वतःच्या आईला वाटतंय मी गेलो.”

तुरुंगाच्या गोष्टीने त्याचा आवाज हलला नव्हता, या गोष्टीने हलला. देवयानीला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण त्या काळात दीड मीटरचं अंतर आड यायचं.

“तो हुकूम बघू मला,” ती म्हणाली.

विमलताई आंघोळीला गेल्या होत्या. यतिनने कपाटातून फाइल काढून आणली. ठाण्याच्या पोस्टात एकतीस वर्षं काउंटरवर काढलेल्या बाईची फाइल होती ती. वर अनुक्रमणिका, आत प्रत्येक कागद प्लास्टिकच्या पिशवीत. देवयानीने हुकूम शेवटच्या पानापर्यंत वाचला. तिथं परिशिष्ट होतं: कोणाकोणाला भेटायचं नाही त्यांची नावं, कुठं जायचं नाही तिथला पत्ता.

ब्लू टाइलच्या पत्त्याशेजारी पेन्सिलची एक बारीक टिक होती.

“ही तू केलीस?”

यतिनने पान हातात घेऊन निरखलं. “नाही,” तो म्हणाला. “ही नव्हती.”

४

चंद्रहास गोठवलेल्या खाद्यपदार्थांचा धंदा करायचा. पराठे, मोदक, नारळाचा चव, सगळं त्याच्या शीतगृहातून पश्चिम सिडनीभर जायचं. चौदा वर्षं इथं काढूनही त्याचा तोंडाळपणा गिरगावातला जसाच्या तसा राहिला होता.

“यतिन नोकरी सोडतोय असं ऐकलं,” देवयानीने खडा टाकून पाहिला.

“सोडतोय. इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिसशिप मिळालीय साहेबांना. मी तीन दिवस बोललो नाही त्याच्याशी.” चंद्रहासने जाड हातमोजे काढून आपटले. “चौथ्या दिवशी टूलबेल्ट घेऊन दिला. काय करणार? तुला काय वाटलं, रागाने मी पोलिसांना चुगली केली?”

“मला काही वाटलं नाही. मला त्याचा जुना नंबर हवाय.”

“तो कशाला?”

“दे ना, चंद्रहास.”

त्याने जुनी डायरी धुंडाळली, मोठ्याने वाचत चिठ्ठीवर लिहिलं: “झीरो फोर नाइन वन, फाइव्ह सेव्हन झीरो, वन फाइव्ह सिक्स. घे. आणि एक ऐक. त्या पोराला जेलमध्ये टाकलं तर मी कोर्टासमोर व्हॅन आडवी लावीन. तो दर मंगळवारी एका बाईंची फुकट डिलिव्हरी करतो, म्हातारी आहे म्हणून. त्याला वाटतं मला कळत नाही.”

देवयानीचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ती चिठ्ठी बघत होती: ०४९१ ५७० १५६. मग तिने फोनवर वहीचं पान काढलं आणि चिठ्ठीशेजारी धरलं. दहाही आकडे तेच होते, तरी दोन ओळी सारख्या नव्हत्या.

“चंद्रहास, तुझा नंबर लिही.”

त्याने लिहिला. चार आकडे, मग तीन, मग तीन.

“आता तुझ्या भावाचा, मुंबईचा.”

“तुला बरं वाटतंय ना?” म्हणत त्याने तोही लिहिला. पाच आकडे, थोडी जागा, पुन्हा पाच.

देवयानीने दोन्ही चिठ्ठ्या पर्समध्ये टाकल्या आणि आभारही न मानता गाडीकडे निघाली.

५

ब्लू टाइलच्या मागच्या गल्लीत राघव उलट्या क्रेटवर बसून सिगरेट ओढत होता. नाशिकचा, यतिनच्याच वयाचा, डोळ्यांखाली काळं. डोक्याला लोकरीची टोपी, आणि दुपार तर चांगली उकडत होती.

“मी यतिनची घरमालकीण,” देवयानी लांबूनच म्हणाली. “मी कोणाचा निरोप आणलेला नाही आणि नेणारही नाही. मला फक्त एक विचारायचंय. तीन तारखेला इथं कोण आलं होतं?”

“यतिन आला नव्हता.”

“ते मला माहीत आहे.”

राघवने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. “मग कोर्टाला सांगा. मी सांगून काय उपयोग? माझ्यावरही तोच हुकूम. मी ‘नव्हता’ म्हणालो, की ते ‘होता’ म्हणणार.” घाम पुसायला त्याने टोपी वर सरकवली आणि लगेच खाली ओढली.

तेवढ्यात देवयानीने पाहायचं ते पाहिलं. डोकं सगळीकडून सारखं भादरलेलं, त्यावर आठ-दहा दिवसांची खुंटं. इथल्या पोरांचे केस कापण्याचे अनेक तऱ्हेवाईक प्रकार तिने पाहिले होते, पण हा त्यातला नव्हता.

“कोण गेलं, राघव?” तिने हळूच विचारलं.

“आई,” तो म्हणाला. “एक तारखेला. कोरोनाने. स्वतःच केले केस, बाथरूममध्ये, ट्रिमरने. दुसरं काय करता येणार होतं इथून?”

“घरून फोन आला?”

“घरचे फोन मी वर्षभर उचलत नाही. कोणत्या तोंडाने उचलू? कोर्टाची केस झाली हे नाशकात सगळ्यांना कळलं.”

“मग तुला सांगितलं कोणी?”

“ते नाही सांगणार. शब्द दिलाय.” त्याने सिगरेट चिरडली. “आणि यतिनला यातलं काही कळू देऊ नका. कळलं तर तो इथं येईल. जेल झाली तरी येईल, मी ओळखतो त्याला. त्याच्या हुकुमाचे थोडेच दिवस राहिलेत. प्लीज.”

देवयानीच्या पर्समध्ये चंद्रहासच्या दोन चिठ्ठ्या होत्या आणि त्या आता तिला नको इतक्या स्पष्ट बोलत होत्या.

६

रविवारी दुपारी यतिन बाहेर गेलेला पाहून ती मागच्या फ्लॅटमध्ये गेली. विमलताई गवार मोडत होत्या.

“विमलताई, माझ्या नव्या फोनमध्ये यतिनचा नंबर नाहीये. लिहून देता?” देवयानीने कागद आणि आपलं पेन पुढे केलं.

“दुसऱ्याचं पेन नको गं. एकतीस वर्षं काउंटरवरचं दोरीचं पेन बघितलंय मी, जगातले सगळे रोग त्यावर.” त्यांनी पर्समधून स्वतःचं पेन काढलं. काळ्या शाईचं. “पोराने फोनवर नुसता फोटो दाबायला शिकवलाय, पण नंबर मला पाठ आहे. ठाण्याहून करत होते ना.”

सावकाश, रेघेवर बेतून त्यांनी लिहिलं: ०४९१५ ७०१५६.

देवयानीने वहीच्या पानाचा फोटो त्या कागदाशेजारी ठेवला आणि त्यांच्यासमोर बसली.

“इथली माणसं मोबाइल नंबर चार-तीन-तीन असा तोडतात,” ती म्हणाली. “यतिन, चंद्रहास, मी, राघव, सगळे. दोन वर्षांत आपोआप सवय लागते. पाच-पाच असा तोडणारा माणूस भारतातून नुकता आलेला असतो. त्याला यतिनचा जुनाच नंबर पाठ असतो. तो स्वतःचं पेन घेऊन फिरतो. आणि कॅफेचा पत्ता त्याला कोर्टाच्या कागदात मिळतो, काम झालेल्या ओळीवर टिक करायची त्याला सवय असते. विमलताई, तीन तारखेला तुम्ही राघवला भेटायला गेला होतात.”

विमलताईंनी गवारीची शेंग खाली ठेवली. नाकबूल करायचा प्रयत्नही केला नाही.

“पद्मा गेली,” त्या म्हणाल्या. “राघवची आई. पोरं एकत्र राहायची तेव्हापासूनची आमची ओळख, फोनवरचीच. कधी भेटलो नाही, पण रोजचं बोलणं. हुकूम झाल्यावर पोरं तुटली, आम्ही नाही तुटलो. तिचा भाऊ मला म्हणाला, राघव फोन उचलत नाही, तुम्ही कळवा. आता असं फोनवर सांगतात का? आमच्या वेळी मयताची तार दारातून टाकून जायची नाही, अशी ताकीद होती पोस्टमनला. हातात द्यायची, आणि माणूस वाचून होईपर्यंत थांबायचं. मी थांबले. अर्धा तास बसले त्याच्याजवळ.”

“एकट्या गेलात?”

“बसवाल्याला पत्ता दाखवला. त्याने नीट उतरवलं. चांगला होता.”

“यतिनला का नाही सांगितलंत?”

“तो धावला असता. म्हणून मी गेले. हुकूम त्याच्या नावावर आहे, माझ्या नाही. मी शब्दन् शब्द वाचला. निरोप नेऊ नये म्हणतात, तर मी यतिनचा निरोप नेलाच नव्हता, पद्माचा नेला.” मग त्यांचा आवाज उतरला. “पण त्याला कुठून तरी कळलं असणार. पोलिस म्हणाले तो त्याच दिवशी गेला, तेव्हाच मी ओळखलं. माझ्या मागून गेला असेल. मी ठरवलं, आपण तोंड उघडायचं नाही. उघडलं तर तो का गेला ते सिद्ध व्हायचं. त्याने केलं ते माणुसकीनेच केलं असेल.”

“विमलताई, तो गेलाच नाही. पोलिसांकडे त्याचं नाव आहे, ते या वहीतलं. हे बघा.”

विमलताईंनी चष्मा लावला. स्वतःचं अक्षर ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

“अगं पण तिथं फोन नंबर मागत होते,” त्या गोंधळून म्हणाल्या. “माझा इथला नंबर कुठाय? दवाखाना, लायब्ररी, सगळीकडे मी यतिनचाच देते. आणि ज्याचा नंबर त्याचंच नाव लिहायचं ना?”

देवयानीच्या लॅबमध्ये रोज येत होते ते सगळे आई-बाप तिच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. स्वॅब त्यांचा आणि फॉर्मवर नाव मुलाचं, कारण मेसेज मुलाच्या फोनवर येणार. सहा महिने ती त्यांच्यावर वैतागत होती. तिला स्वतःची थोडी लाज वाटली.

विमलताईंनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. “म्हणजे तो खरं बोलत होता,” त्या म्हणाल्या. “आणि मी त्याला म्हणाले, गेला असलास तरी रागावणार नाही.” तेव्हा कुठे त्या रडल्या, आणि देवयानीने दीड मीटरची पर्वा केली नाही.

दार वाजलं. यतिन आत आला होता, आणि त्याने किती ऐकलं हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

“पद्माकाकू गेल्या?” तो म्हणाला.

७

मंगळवारची सुनावणी देवयानीच्या जेवणाच्या टेबलावर झाली, कारण कोर्टही त्या दिवसांत लॅपटॉपवर भरायचं. एका चौकटीत मॅजिस्ट्रेट, एका चौकटीत पोलिसांचे वकील, एकीत दुभाषी. विमलताईंनी इस्त्रीची साडी नेसली होती. आपला व्हिसा जाईल, अशी भीती त्यांच्या मनात होती आणि ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. शिवांगीनेच ओळखून, तसं काही होणार नाही, असं तीनदा समजावलं.

शिवांगीने एकेक गोष्ट मांडली. पेन, नंबरची मोडणी, हुकुमावरची टिक, आणि बसच्या कार्डावरची तीन सप्टेंबरची नोंद, जी कोणाला शोधायचंच सुचलं नव्हतं. विमलताईंनी कॅमेऱ्यासमोर तीच ओळ पुन्हा लिहून दाखवली. पोलिसांच्या वकिलांनी एकच प्रश्न विचारला: स्वतःचं नाव सोडून मुलाचं का लिहिलंत?

दुभाषी बोलून होईपर्यंत विमलताई थांबल्या. मग म्हणाल्या, “या देशात माझं म्हणून तेवढंच एक नाव आहे.”

वकिलांनी अर्धा तास मागून घेतला आणि परत आल्यावर आरोप मागे घेतला. शिवांगीने टेबलाखाली देवयानीचा हात इतका दाबला की बांगडी रुतली. यतिन मात्र खुर्चीत तसाच बसून होता. त्याच्या मनात दुसरंच चाललं होतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

“पंधरा दिवस,” शिवांगी त्याला म्हणाली. “हुकूम तसाच आहे. एक मेसेज नाही. आंटींच्या तोंडून एक शब्दही नाही. आय मीन इट, यतिन.”

“त्याची आई गेलीय, शिवांगी.”

“आय नो.”

“तिने मला एकदा ताप आला तेव्हा नाशकातून फोनवर तासभर काढा शिकवला होता.”

यतिन उठून अंगणात गेला आणि वाळलेले कपडे काढू लागला. त्यानंतरचे पंधरा दिवस त्याने कसे काढले ते देवयानीने खिडकीतून पाहिलं. कामावर जाताना तो मुद्दाम लांबच्या रस्त्याने जायचा, त्या पार्कशी थांबायचाही बंद झाला. विमलताई दर दोन दिवसांनी बसने राघवकडे डबा घेऊन जायच्या, आपल्या आपण. निघताना त्या यतिनला काही विचारायच्या नाहीत आणि आल्यावर काही सांगायच्या नाहीत. यतिन नुसता रिकामा डबा घासून ठेवायचा.

एक ऑक्टोबरला सकाळी सात वाजता व्हॅन निघाली. आठच्या सुमारास परत येऊन ड्राइव्हवेत उभी राहिली. पुढच्या सीटवर दोघं होते. इंजिन बंद झालं, पण उतरलं कोणी नाही.

विमलताई आणि देवयानी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या होत्या. काचेतून काही ऐकू येत नव्हतं. बोलत आहेत असंही दिसत नव्हतं. एकदा यतिनचा हात पलीकडे गेला आणि राघवच्या खांद्यावर राहिला. राघवचं डोकं डॅशबोर्डवर टेकलं.

दहा मिनिटं झाली, मग वीस. पोह्यांवरची वाफ गेली.

“बोलावू का गं?” विमलताईंनी विचारलं.

“बसू दे त्यांना थोडं.”

विमलताईंनी पोह्यांवर झाकण ठेवलं. “पद्मा असती तर एवढा वेळ थांबली नसती,” त्या म्हणाल्या. “तिला पोरांना उपाशी बघवायचं नाही.”

“मग मारा हाक.”

विमलताईंनी पदराने तोंड पुसलं, दार उघडलं आणि पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या.

“राघव,” त्यांनी हाक मारली, “यतिनला घेऊन आत ये बघू.”

व्हॅनची दोन्ही दारं एकदम उघडली.